क्लबमधली हौशी मुलांची फुटबॉल बॅच रिकामी होत चाललीये, परत उभी कशी करायची?

मधली_फळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी आमच्या भागातल्या एका फुटबॉल क्लबच्या कमिटीवर आहे, सगळं काम विनामोबदला, आपापले उद्योग सांभाळून करतो आम्ही सगळे. क्लबमध्ये दोन तऱ्हेची मुलं येतात. एक ट्रायल देऊन निवडलेली, ज्यांच्या टीम बाहेर लीग खेळायला जातात, आणि दुसरी नुसती खेळायला मिळावं, मित्र भेटावेत म्हणून येणारी. ही दुसरी हौशी बॅच म्हणजे खरं तर क्लबचा पाया, क्लब सुरू झाला तोच यांच्यासाठी, पण गेले काही सीझन ती आटत चाललीये. छोटी मुलं नाव घालतात, एक सीझन खेळतात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत, फोन केला की पालक म्हणतात अहो तो आता दुसऱ्या क्लासला जातो. आणि १२-१३ च्या पुढची तर बोटावर मोजण्याइतकी उरलीयेत, मुली त्याहून कमी.

मध्ये एका रविवारी मी मुद्दाम मैदानाच्या कडेला उभा राहून सात-आठ वर्षांच्या मुलांची प्रॅक्टिस पूर्ण बघितली. सगळ्यांची एक लांबच लांब रांग, पुढे एक कोन (प्लास्टिकचा शंकू), त्याच्या पुढे गोल, आणि बॉल एकच. पहिला मुलगा कोनला वळसा घालून शॉट मारणार, बॉल गोलच्या मागे लांब जाणार, तोच तो आणायला धावणार आणि परत येऊन रांगेत शेवटी उभा. रांगेतली निम्मी मुलं गवत उपटत होती, दोघं एकमेकांच्या टोप्या ओढत होते, कोच (कुणाचे तरी वडील, माणूस अतिशय चांगला) घसा फोडून ओरडत होते की रांग मोडू नका. ते बघितल्यापासून डोक्यात एकच चाललंय की मुलं जातायत यात नवल काहीच नाही.

कमिटीत विषय काढला की उत्तर ठरलेलं, जाहिरात करा, शाळांमध्ये पत्रकं वाटा. मला वाटतं आत जे चाललंय ते सुधारल्याशिवाय नवीन मुलं आणून उपयोग नाही, गळक्या बादलीत पाणी भरल्यासारखं होईल ते. ज्यांनी अशी बॅच परत उभी केलीये किंवा होताना जवळून बघितलीये त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. खेळ कसा ठेवायचा, कोच कुठून आणायचे, पालकांचं काय करायचं, मोठ्या मुलांना कसं टिकवायचं, काहीही चालेल.

---

शिट्टीआधी

तुमचं निदान बरोबर आहे, पत्रकं नंतर. आधी त्या रांगा बंद करा. कमिटीतलं कुणीतरी एक दिवस वही घेऊन बसा, कुठलंही एक साधं मूल निवडा (सगळ्यात चांगलं खेळणारं नको) आणि तासाभरात त्याचा पाय बॉलला किती वेळा लागला ते फक्त मोजा. तुम्ही सांगताय तशा रांगेत तो आकडा इतका लहान निघेल की कमिटीत पुढे काही बोलायची गरजच पडणार नाही.

उपाय नवीन काही नाही, जगभर तोच चाललाय, छोटी टीम आणि छोटं मैदान. अमेरिकेच्या फुटबॉल फेडरेशनने २०१७ पासून ठरवून टाकलंय, ८ वर्षांपर्यंत चारास चार (म्हणजे एका टीममध्ये चारच मुलं), ९-१० ला सातास सात, ११-१२ ला नवास नऊ, आणि ११ जणांचा पूर्ण खेळ १३ नंतरच. जर्मनीने तर त्याच्याही पुढे जाऊन २०२४-२५ च्या सीझनपासून अगदी लहान मुलांसाठी दोनास दोन नाहीतर तिनास तीन, आणि मैदानावर दोनच्या ऐवजी चार छोटे गोल, हे सगळीकडे लागू केलं. चार गोलचा फायदा असा की सगळी पोरं बॉलभोवती झुंडीने जमतात ना, ते आपोआप सुटतं, एका गोलपाशी गर्दी दिसली की मूल स्वतःच दुसऱ्या गोलकडे वळतं, कुणी ओरडून सांगावं लागत नाही. ही कल्पना होर्स्ट वाइन नावाच्या जर्मन कोचची, फुनिन्यो म्हणतात त्याला, आणि गंमत म्हणजे हे गृहस्थ मूळचे हॉकीचे कोच.

मँचेस्टर युनायटेडच्या अकॅडमीत २००२-०३ च्या सुमारास ९ वर्षांखालच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, चारास चार आणि आठास आठ या दोन्हीची तुलना. चारास चारमध्ये पास १३५ टक्के जास्त, एकास एक झुंजी २२५ टक्के जास्त आणि गोल ५०० टक्के जास्त निघाले. ती निवडलेली मुलं होती हे मान्य, पण हौशी मुलांच्या बाबतीत तर हा मुद्दा जास्तच लागू पडतो, कारण मोठ्या टीममध्ये बॉल कायम त्याच दोन-तीन दांडग्या पोरांकडे असतो आणि बाकीचे नुसते इकडून तिकडे पळत असतात.

बॉलकडेही बघा. बऱ्याच क्लबमध्ये सगळ्यांना ५ नंबर देतात कारण स्टोअरमध्ये तोच पडलेला असतो. ८ पर्यंत ३ नंबर, त्याच्यापुढे १२ पर्यंत ४ नंबर, ५ नंबर त्यानंतर. ५ नंबर म्हणजे ६८ ते ७० सेंटीमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅमचा बॉल, सात वर्षांच्या मुलाच्या पायाला तो जडच पडतो, दोनदा पाय दुखला की तिसऱ्यांदा ते मूल बॉलच्या वाटेला जात नाही. आणि प्रत्येक मुलामागे एक बॉल, ही गोष्ट काहीही करून जमवा, घरून आणायला सांगितलं तरी चालेल.

कमिटीत कुणी म्हणालं की हे खरं फुटबॉल नाही, तर त्यांना सांगा की खेळाच्या अधिकृत नियमांमध्येच मुलांच्या खेळासाठी मैदान, बॉल, गोल, वेळ, सगळं बदलायची मुभा दिलेली आहे, आणि बदली झालेल्या खेळाडूला परत आत घ्यायचीसुद्धा.

---

टचलाइनवरची_आई

मी कोच वगैरे नाही, पालक म्हणून लिहिते. माझ्या मुलाने अशीच एक हौशी बॅच सोडली तेव्हा त्याने घरी जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, की मी जातो आणि उभा राहतो. त्याला कायम बचावात मागे ठेवायचे, आणि मॅच अटीतटीची झाली की बाहेर बसवायचे. तीच दोन-तीन मुलं पूर्ण वेळ आत. कोचचं म्हणणं की अहो टीम जिंकायला नको का. पण नाव घालताना आम्हाला सांगितलं होतं की ही मजेसाठी खेळायची बॅच आहे, मग मॅचच्या दिवशी नियम कसा बदलतो?

म्हणून माझी एकच मागणी, प्रत्येक मूल किमान अर्धी मॅच खेळणारच, हे क्लबने लेखी द्या. अमेरिकेत आयसो नावाची मोठी संस्था आहे, १९६४ मध्ये सुरू झाली, त्यांचं पहिलं तत्त्वच ते, जो आला तो खेळणार आणि कमीत कमी अर्धा वेळ खेळणार. कोचच्या मर्जीवर ठेवलं की होत नाही, कारण मॅचच्या गरमागरमीत भल्याभल्यांचा तोल जातो. मॅचचे चार भाग करा, कोण कुठल्या भागात आत ते आधीच कागदावर लिहून पालकांना दिसेल असं लावा. जागाही फिरती हवी, गोलकीपर दर भागाला नवा.

एका गोष्टीत मात्र माझं मत वेगळं आहे. स्कोअर अजिबात ठेवूच नका असं हल्ली सगळे म्हणतात, ते मला पटत नाही. मुलं स्कोअर ठेवतातच, घरी जाताना गाडीत पहिली गोष्ट तीच सांगतात. आपण तो लपवला की त्यांना ते खोटं वाटतं.

---

लाइन्समन

ताई, तुमचा अर्ध्या मॅचचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. स्कोअरबद्दल थोडं सांगतो, मी मुलांच्या मॅचना रेफरी म्हणून बरीच वर्षं उभा राहतोय. मुलांनी स्कोअर मोजला तर काही बिघडत नाही, ती मोजतात आणि पुढच्या पाच मिनिटांत विसरूनही जातात. बिघडतं ते मोठ्यांनी टेबल, म्हणजे कुठली टीम कितव्या नंबरवर तो तक्ता, लावल्यावर. टेबल आलं की कोच कमकुवत मुलाला बाहेर बसवायला लागतो, पालक फोनवर दुसऱ्या टीमचे निकाल बघायला लागतात, आणि ज्या मुलाची टीम शेवटची आहे त्याला सीझनच्या मध्यातच समजतं की आता येऊन काही उपयोग नाही. नॉर्वेमध्ये मुलांच्या खेळाचे नियम १९८७ पासून आहेत, तिथे मुलं ११ वर्षांची होईपर्यंत निकालांची यादी किंवा क्रमवारी लावत नाहीत. मॅच होतात, गोल मोजले जातात, फक्त टेबल नाही. तसं करा म्हणजे तुमचंही राहील आणि मुलांचंही.

अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अमांडा व्हिसेक यांनी मुलांना, त्यांच्या कोचना आणि पालकांना विचारून खेळात मजा कशाने येते त्याच्या ८१ गोष्टी काढल्या होत्या, ती मुलं फुटबॉल खेळणारीच होती. मजेच्या क्रमात जिंकणं ४८ वं आलं. वर काय होतं तर जीव तोडून खेळणं, टीममधलं एकमेकांशी वागणं, कोचचं बोलणं. जिंकायला कुणाला आवडत नाही, पण जिंकण्यासाठी म्हणून मूल येतं हे गृहीतच चुकीचं आहे.

आता पालकांचं. टचलाइनपासून काही पावलं मागे एक दोरी नाहीतर चुन्याची रेघ मारा, पालक तिच्या मागे, आणि सगळे मैदानाच्या एकाच बाजूला, दोन्ही टीमचे मिसळून, कोच आणि मुलं समोरच्या बाजूला. गोलच्या मागे कुणीही नाही, कारण तिथून आपल्या पोराला सूचना देणारे बाप सगळ्यात जास्त. टाळ्या वाजवा, नावाने हाक मारून शाबास म्हणा, पण बॉल मार, पास दे, मागे ये, हे नाही. मुलाला एकीकडून कोच सांगतोय, दुसरीकडून बाबा, तिसरीकडून मित्राची आई, ते बिचारं बॉल पायात असताना मान वर करून कडेला बघत उभं राहतं, हे मी दर आठवड्याला बघतो. सीझन सुरू व्हायच्या आधी पालकांची एक छोटी मीटिंग घेऊन हे समोरासमोर सांगा. मेसेज पाठवून होत नाही, मेसेज कुणी वाचत नाही.

आणि तुम्ही मोठ्या मुलांचं विचारलंत तर एक सुचवतो, १३-१४ च्या मुलामुलींना छोट्यांच्या चारास चार मॅचना रेफरी करा. शिट्टी द्या, वेगळ्या रंगाचा शर्ट द्या, पहिले काही आठवडे माझ्यासारखा कुणीतरी मोठा शेजारी उभा राहू दे. त्या वयात मुलांना कुणीतरी आपल्यावर जबाबदारी टाकलेली फार आवडते. एकच अट, त्यांच्यावर कुठलाही पालक ओरडला तर त्या पालकाला त्या दिवशी मैदानाबाहेर पाठवायची हिंमत क्लबने दाखवायची. ती दाखवली नाही तर तुमचा नवा रेफरीही जाईल आणि त्याच्या मागे त्याचे मित्रही.

---

चौघांचा_खेळ

वरचं सगळं बरोबर आहे, पण हे करणार कोण? सगळ्या क्लबची गाडी इथेच अडते. निवडलेल्या टीमला एक हेड कोच असतो, टाइमटेबल असतं, चांगलं मैदान असतं, हौशी बॅचला मात्र उरलेली वेळ, उरलेलं मैदान आणि हो म्हणणारा पहिला पालक. कुणाचीच जबाबदारी नसलेली गोष्ट हळूहळू मरतेच. सगळ्यात आधी एक माणूस नेमा ज्याचं काम फक्त हौशी बॅच. त्याला कमिटीत मत हवं, थोडंफार मानधन देता आलं तर उत्तम, आणि त्याने स्वतः टीम घेऊ नये. त्याने मैदानावर फिरायचं, नवीन कोचच्या शेजारी उभं राहायचं, कोन कसे लावायचे ते दाखवायचं.

तुम्ही ज्या वडिलांचं लिहिलंय त्यांच्यासारखेच सगळे असतात. माणूस चांगला, वेळ देतोय, पण त्याला कुणी काही सांगितलेलंच नाही, तो लहानपणी ज्या रांगेत उभा होता तीच लावतो. अशांना आठवड्याच्या आधी एका पानावर तयार प्लॅन द्या. अमेरिकन फेडरेशनच्या कोच कोर्समध्ये जो साचा शिकवतात तो पालकांनाही झेपतो, आधी खेळ, मग सराव, मग परत खेळ. म्हणजे मुलं येतील तशी लगेच छोट्या मैदानावर दोनास दोन, तिनास तीन सुरू, सगळे येईपर्यंत थांबायचं नाही. उशिरा आलेलं मूल सरळ आत घुसतं. मग मध्ये २० मिनिटं एकच विषय, समजा बॉल घेऊन वळणं, तोही खेळातूनच. शेवटी मॅच. बस. नवीन कोचला सगळ्यात जास्त भीती असते ती तासभर काय करायचं याची, ती गेली की माणूस टिकतो. आणि एका टीमला दोन कोच ठेवा, एकटा माणूस आजारी पडला की प्रॅक्टिस रद्द, दोनदा रद्द झाली की पालकांचा विश्वास जातो.

एक कळीची गोष्ट सांगतो, थोडी कडू आहे. सीझनच्या मध्यात हौशी बॅचमधला चांगला खेळणारा मुलगा उचलून निवडलेल्या टीममध्ये नेणं बंद करा. मी बघितलंय, असा एक मुलगा गेला की त्याचे दोन मित्र जातात, टीम अपुरी पडते, कोचचा उत्साह मावळतो. सीझन संपल्यावर खुशाल न्या. उलट वाटही मोकळी ठेवा, निवडलेल्या टीममधून दमलेलं मूल परत हौशीत आलं तर त्याला खाली ढकलल्यासारखं वाटता कामा नये. म्हणून नावंही जपून द्या, ‘ब’ टीम, राखीव बॅच असलं काही नको.

---

गोलकीपर_ताई

मुलींबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, मी मुलींची बॅच बघते.

मिश्र टीममध्ये एकटी मुलगी कधीही टाकू नका. दोन तरी हव्यात, तीन असतील तर फारच छान. एकटी मुलगी असली की तिला पास मिळत नाही, हे कुणी मुद्दाम करत नसतं पण होतं, आणि ती कुणाला सांगतही नाही, नुसती यायची बंद होते. दहा-अकराच्या पुढे फक्त मुलींची वेगळी वेळ ठेवून बघा, आठवड्यातून एकदा का होईना, हव्या त्यांना मिश्र बॅचही चालू ठेवता येते. आमच्याकडे वेगळी वेळ सुरू केल्यावर ज्या मुली कडेकडेने खेळायच्या त्या बॉल मागायला लागल्या, ओरडून मागायला लागल्या.

बाकीच्या गोष्टी फुटबॉलच्या नाहीत पण त्यांच्यावरच सगळं ठरतं. मैदानाजवळ स्वच्छ टॉयलेट आहे का, कपडे बदलायला दार लागणारी जागा आहे का? शॉर्ट्स पांढऱ्या आहेत का? असतील तर आधी त्या बदला, गडद रंगाच्या घ्या, कारण पाळीच्या वयातल्या मुलीला पांढऱ्या शॉर्ट्समध्ये धावताना मनात सतत काय चालू असतं ते तिलाच माहीत. इंग्लंडच्या महिला टीमनेसुद्धा २०२३ च्या वर्ल्डकपच्या आधी याच कारणासाठी पांढऱ्याच्या जागी निळ्या शॉर्ट्स घेतल्या. शर्ट मापाचे घ्या, मुलांचे उरलेले मोठे शर्ट देऊ नका. प्रॅक्टिस अंधार पडायच्या आत संपवा किंवा घरी सोडायची सोय बघा. आणि एक तरी बाई कोच हवी, तिला फुटबॉल येत नसेल तर शिकवा, कुणाच्या तरी मोठ्या बहिणीला विचारा, १७-१८ च्या मुलींना छोट्या मुली फार मानतात.

आणि कृपा करून मैत्रिणींना एका टीममध्ये ठेवा. मुली (आणि मुलंसुद्धा, ती बोलत नाहीत एवढंच) मैत्रीसाठी येतात. टीम समसमान करायच्या नादात तुम्ही जोडी फोडलीत की दोघीही जातात.

---

मधली_फळी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शॉर्ट्सचा मुद्दा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता, आमच्या पांढऱ्याच आहेत, हे आजच कमिटीच्या ग्रुपवर टाकतो.

दोन गोष्टी अजून विचारतो. ताईंनी म्हटलंय मित्र-मैत्रिणी एकत्र ठेवा, पण मग टीम समान कशा करायच्या? मागे आम्ही मित्रांच्या मागणीप्रमाणे टीम केल्या तर एका टीममध्ये सगळी जुनी खेळणारी गेली आणि दर मॅच दहा-शून्य. आणि दुसरं, कमिटीतला एक मोठा गट म्हणतो की क्लबचं नाव निवडलेल्या टीममुळे होतं, हौशी बॅचवर वेळ आणि पैसा का घालवायचा. त्यांना काय सांगायचं?

---

शिट्टीआधी

टीमचं सांगतो. नाव घालताना प्रत्येक मुलाला एकाच मित्राचं नाव द्यायची सवलत ठेवा, एकच, आणि ते दोन्ही बाजूंनी जुळलं तरच पक्कं. साखळी होऊ द्यायची नाही. मग सगळ्या मुलांना पहिल्या दिवशी छोट्या मॅच खेळवा आणि दोन-तीन कोचनी मिळून ढोबळ अंदाज बांधा, नवीन आहे का, बरं खेळतं का, खूप चांगलं खेळतं का, यापेक्षा जास्त बारकाव्यात जायची गरज नाही. जोड्या तशाच ठेवून टीम वाटा, आणि महत्त्वाचं म्हणजे टीम कोचनी वाटायच्या नाहीत, हौशी बॅचसाठी नेमलेल्या त्या माणसाने, म्हणजे समन्वयकाने वाटायच्या, वाटून झाल्यावर कुठली टीम कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मग कुणीच स्वतःसाठी मलई काढत नाही.

तरीही एखादी मॅच एकतर्फी होतेच. चार गोलचा फरक पडला की हरणाऱ्या टीमला एक खेळाडू जास्त द्या. तरी थांबलं नाही तर अजून एक. मुलांना यात अपमान अजिबात वाटत नाही, गल्लीत खेळताना ती स्वतः हेच करतात, तू इकडे ये म्हणतात. सीझनचे पहिले दोन आठवडे टीम कच्च्याच राहतील असं आधीच जाहीर करा म्हणजे अदलाबदल करता येते. सातास सातमध्ये अजून एक कामाचा नियम आहे, गोलकीपरच्या हातात बॉल आला की समोरच्या टीमने एका ठरलेल्या रेघेच्या मागे जायचं. त्याने मागून पास देत खेळायची संधी मिळते आणि कमकुवत टीम स्वतःच्याच गोलपाशी कोंडून पडत नाही.

---

चौघांचा_खेळ

कमिटीवाल्यांना भावनेचं काही सांगू नका, मागच्या सीझनची वही उघडा. किती मुलं होती, त्यातली किती परत आली, वयाप्रमाणे, मुलं-मुली वेगवेगळं. परत येणाऱ्यांचं प्रमाण हाच या बॅचचा खरा ताप मोजायचा आकडा, एकूण संख्या फसवते कारण नवीन येणारी छोटी मुलं गेलेल्यांना झाकून टाकतात. ज्या वयाला आकडा कोसळतो तिथे काय बदलतं ते शोधा, बहुतेक वेळा त्याच वर्षी मोठं मैदान, मोठी टीम किंवा ट्रायल सुरू झालेली असते. आणि सोडून गेलेल्यांना फोन करा, पालकांना नाही, शक्य असेल तर मुलालाच विचारा.

मग पैशांचं. हौशी मुलांची फी एकत्र केली तर मैदानाचं भाडं, दिवे, विमा यातला मोठा वाटा तिथून येतो असं बऱ्याच क्लबमध्ये निघतं, तुमच्याकडे काय आहे ते मांडून बघा. ती मुलं गेली की निवडलेल्या टीमच्या पालकांची फी वाढवावी लागेल, हे ऐकल्यावर सूर बदलतो.

आणि निवडलेल्या टीमसाठीसुद्धा हौशी बॅच लागते, कारण आठ-नऊच्या वयात कोण पुढे चांगला निघेल ते कुणालाच सांगता येत नाही. एकाच वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलं मूल शेवटी जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने मोठं असतं, त्या वयात एक वर्ष म्हणजे केवढा फरक. कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीत हे दाखवून दिलं होतं, वरच्या पातळीवर वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी, आणि फुटबॉलमध्येही नंतर तेच परत परत दिसलं. म्हणजे आपण कौशल्य म्हणून जे निवडतो त्यात बरंचसं नुसतं वय असतं. ट्रायलमध्ये राहिलेलं नोव्हेंबर-डिसेंबरचं पोर १४ ला अंगाने भरेल तेव्हा ते तुमच्याच मैदानावर असायला हवं ना? ते फक्त हौशी बॅच चांगली असेल तरच असेल.

---

टचलाइनवरची_आई

मोठ्या मुलांबद्दल माझं एक. १३-१४ ला त्यांना प्रॅक्टिस नकोशी होते, खेळ नकोसा नसतो. अभ्यास वाढलेला असतो, आठवड्यातून तीन वेळा जमत नाही. त्यांच्यासाठी एक संध्याकाळ नुसती खुली ठेवा, आले तेवढे, तिथल्या तिथे टीम पाडा, पाच-सात जणांच्या मॅच, जिंकेल तो मैदानावर राहील. कोच नको, एक मोठं माणूस लक्ष ठेवायला पुरे. नाव नोंदवायचा त्रास नको, मित्राला घेऊन आले तर येऊ दे. स्कोअर, टीमची नावं, नियम, सगळं त्यांना ठरवू दे. माझा मुलगा आता अशाच एका ठिकाणी जातो, आणि हो, घरी येऊन अजून स्कोअरच सांगतो.

---

लाइन्समन

सगळं ठरवताना सुरक्षिततेचं मागे पडू नये म्हणून लिहून ठेवतो. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के करा किंवा मागच्या दांड्यावर वजनं ठेवा, प्रत्येक प्रॅक्टिसच्या आधी कुणीतरी हाताने हलवून बघायचं, आणि क्रॉसबारला लोंबकळणाऱ्याला ताबडतोब खाली उतरवायचं. गोल अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. १० वर्षांपर्यंत हेडिंग (डोक्याने बॉल मारणं) शिकवूच नका, अमेरिकेत त्या वयाला बंदीच आहे. वॉर्मअपसाठी फिफाचा ११ प्लस किड्स वापरा, सात व्यायाम आहेत, तोल सांभाळणं, उड्या, पडायचं कसं. युरोपात चार देशांतल्या मुलांवर तो तपासला तेव्हा दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या, आणि त्यासाठी साहित्य म्हणाल तर बॉलशिवाय काही लागत नाही.

आणि मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, एकट्या माणसाजवळ एकटं मूल ठेवायचं नाही, घ्यायला कुणी आलं नाही तर दोघांनीही थांबायचं. पालकच कोच असले तरी त्यांची नीट चौकशी करून, ओळखपत्र घेऊनच मैदानावर आणा. याबद्दल पालकांच्या त्या पहिल्या मीटिंगमध्येच बोला.

---

मधली_फळी

सगळं उतरवून घेतलंय. कमिटीची मीटिंग याच आठवड्यात आहे, त्यात आधी परत येणाऱ्या मुलांचा वयाप्रमाणे तक्ता ठेवणार आणि मग दोनच मागण्या, एक स्वतंत्र समन्वयक आणि अर्ध्या मॅचचा लेखी नियम. बाकी बॉल, छोटे गोल, खुली संध्याकाळ हे त्या माणसावर सोडू. छोट्यांच्या चारास चार मॅच मात्र थांबायची गरज नाही, येत्या रविवारी त्या वडिलांशी बोलून आम्ही दोघं मिळून सुरू करतो, कोन आहेतच, गोलच्या जागी तेच लावू. ताई, मुलींच्या वेगळ्या वेळेबद्दल तुम्हाला सविस्तर विचारायचं आहे, सुरुवातीला सहा-सातच मुली असतील तर वयोगट एकत्र केले तर चालतील का?

---

गोलकीपर_ताई

चालतील, नऊ ते तेरा एकत्र ठेवा. मोठ्या मुलींना सांगा की बॉलला दोनच टच, छोट्यांना हवे तेवढे. तिनास तीन आणि चार गोल लावा, सहा जणीत मस्त होतं, सातवी आली तर ती ज्या टीमकडे बॉल असेल तिच्या बाजूने खेळेल. आणि पहिल्या दिवशी प्रत्येकीला सांगा, पुढच्या वेळी एक मैत्रीण घेऊन ये, तिने बूट नसतील तर साध्या शूजमध्ये आलं तरी चालेल.